जपानच्या प्राथमिक शाळेत पाच दिवस: नागपूरच्या एका शिक्षिकेचा अनुभव

नागपुरातील एका अनुदानित मराठी प्राथमिक शाळेत मी एकवीस वर्षांपासून शिकवते. जून २०२४ मध्ये टोकियोच्या पश्चिम उपनगरातील एका सरकारी प्राथमिक शाळेत मी पाच दिवस बसून आले. कोणत्याही योजनेतून माझी निवड झालेली नव्हती. पत्रव्यवहार मी केला आणि खर्चही माझाच होता. परत आल्यापासून अनेक शिक्षक मैत्रिणी विचारत आहेत की परवानगी कोणाकडून घ्यायची, व्हिसा कसा काढायचा आणि किती पैसे लागतात. त्या सर्वांना एकदाच उत्तर देता यावे म्हणून हे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात ऑगस्ट २०२३ मध्ये झाली. गणित अध्यापनाच्या एका ऑनलाइन कार्यशाळेत एका जपानी शिक्षिकेशी माझी ओळख झाली. तिथे सगळे त्यांना ‘सेन्सेई’, म्हणजे आपल्या भाषेत ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. जपानी शाळांत ‘जुग्यो केनक्यू’ नावाची पद्धत शंभरहून अधिक वर्षे चालत आलेली आहे. तीत एक शिक्षक पाठ घेतो, बाकीचे शिक्षक तो पाठ वर्गात उभे राहून पाहतात आणि नंतर सगळे मिळून त्याची चर्चा करतात. ही पद्धत प्रत्यक्ष पाहता येईल का, असे मी सेन्सेईंना विचारले. त्या लगेच ‘हो’ म्हणाल्या नाहीत. मुख्याध्यापकांना विचारावे लागेल, मुख्याध्यापक स्थानिक शिक्षण मंडळाला विचारतील आणि मगच सांगता येईल, असे त्यांनी कळवले. हे वाचून मला परकेपणा कमी वाटला, हे प्रामाणिकपणे सांगते.

उत्तराची वाट पाहता पाहता मी पासपोर्टच्या मागे लागले. शुल्क १,५०० रुपये होते. भेटीची वेळ बारा दिवसांनंतरची मिळाली, नंतर पोलीस पडताळणी झाली आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पासपोर्ट घरी आला. विवाहित मराठी स्त्रियांनी एक गोष्ट येथेच नीट तपासावी. आपले नाव तीन पदरी असते, आणि पासपोर्टवर स्वतःचे व पतीचे नाव एकाच रकान्यात छापले जाते. मी ते पाहिले, ‘बरोबर आहे’ म्हटले आणि विसरून गेले. पुढे याचा त्रास झाला.

जपानच्या शाळेचा होकार १४ डिसेंबरला आला. सोबत दोन अटी होत्या: मुलांची छायाचित्रे काढायची नाहीत, आणि मुलांना खाण्याची कोणतीही वस्तू द्यायची नाही. तारखा मात्र मीच सुचवायच्या होत्या. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि उन्हाळी सुट्टी साधारण २० जुलैनंतर लागते, म्हणजे जूनमध्ये तिथे शाळा ऐन भरात असतात. विदर्भातल्या शाळा मात्र उन्हामुळे राज्यातील इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपूरच्या उन्हाचा आयुष्यात प्रथमच काही उपयोग झाला. रजा न घेता जाता येईल असा १० ते १४ जून हा आठवडा मी कळवला.

सुट्टीत जायचे असले तरी परदेशगमनाची परवानगी लागतेच. जानेवारीत मी मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे अर्ज दिला, संस्थेने शिफारस केली आणि फाईल पुढच्या कार्यालयात गेली. तेथून २९ जानेवारीला पहिली त्रुटी आली, ती म्हणजे खर्चाचा स्रोत नमूद नाही. मी बँकेच्या आवर्ती ठेवीचा दाखला जोडला. १५ फेब्रुवारीला दुसरी त्रुटी आली, ती म्हणजे हमीपत्र नाही. १०० रुपयांच्या मुद्रांकावर मी लिहून दिले की खर्च स्वतः करीन, मुक्काम वाढवणार नाही आणि शाळा सुरू होण्यापूर्वी हजर होईन. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी जोडल्या असत्या, तर माझा महिना वाचला असता. त्यानंतर फाईल एका टेबलावर एकेचाळीस दिवस होती. का होती, ते मला अजूनही कळलेले नाही, पण दर सोमवारी शाळा सुटल्यावर जाऊन, काही न बोलता समोरच्या बाकावर अर्धा तास बसण्याचा उपयोग होतो, असे माझे मत झाले आहे. ना हरकत प्रमाणपत्र २८ मार्चला हातात आले.

तोवर लोकसभेची निवडणूक लागली होती. प्रशिक्षणे झाली, १८ एप्रिलला साहित्य ताब्यात घेतले आणि १९ एप्रिलला पहाटेपासून रात्रीपर्यंत मतदान केंद्रावर होते. खरी भीती ४ जूनच्या मतमोजणीची होती, कारण त्या कामाचा आदेश आला तर तो नाकारता येत नाही. म्हणून विमानाचे आरक्षण ७ जूनचे केले, तेही रद्द करता येईल असे, थोडे महाग. मतमोजणीसाठी माझे नाव राखीव यादीत निघाले आणि ४ तारखेला कळमन्याच्या मतमोजणी केंद्रावर जाऊन, काम न मिळता, मी परत आले. शिक्षकांनी परदेशाचे नियोजन करताना निवडणुकीचे वेळापत्रक आधी पाहावे, हे पुन्हा कोणी सांगणार नाही म्हणून सांगून ठेवते.

व्हिसाच्या कागदांत शाळेचे निमंत्रणपत्र, तेथील मुक्कामाचा दिवसवार कार्यक्रम, माझे सहा महिन्यांचे बँक विवरण, आयकर विवरणपत्रे, वेतनाच्या पावत्या आणि ना हरकत प्रमाणपत्र होते. निमंत्रणपत्र एप्रिलच्या शेवटी आले, आणि त्यात माझे नाव दोनच पदरी होते, जसे मी ई-मेलखाली लिहीत असे तसे. पासपोर्टवर तीन पदरी. दुरुस्तीसाठी लगेच कळवले, तर तिकडे ‘गोल्डन वीक’ची सुट्टी लागलेली, थेट ६ मेपर्यंत. दुरुस्त झालेले मूळ पत्र टपालाने १५ मे रोजी मिळाले. मी २० मे रोजी मुंबई गाठायचे ठरवले, तर त्या दिवशी मुंबईत मतदान. शेवटी २० च्या रात्री दुरांतोने निघून २१ तारखेला अर्ज दिला. व्हिसाचे शुल्क तेव्हा तुलनेने अगदी कमी, पाचशेच्या आसपास होते. सेवाशुल्क त्याहून अधिक लागले. खिडकीवरील मुलीने कागद चाळून फक्त एवढेच विचारले, “मॅडम, शाळा बघायलाच जाताय?” ३० मे रोजी पासपोर्ट कुरियरने परत आला. मधले नऊ दिवस मी कोणाशी धड बोलले नाही, असे घरचे म्हणतात.

सामानात तीन गोष्टी आवर्जून घेतल्या. पहिली, घरात वापरायचे पांढरे कापडी बूट, कारण जपानी शाळेत बाहेरची पादत्राणे दाराशीच ठेवावी लागतात आणि पाहुण्यांच्या चपला घालून जिना चढताना त्या निसटतात, असे सेन्सेईंनी कळवले होते. दुसरी, शिक्षक-खोलीसाठी संत्र्याची बर्फी, प्रत्येक वडी वेगळ्या वेष्टनातली. ताजी फळे नेता येत नाहीत, आणि जूनमध्ये संत्री असतात तरी कुठे? तिसरी, दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या, कारण मी शाकाहारी आहे आणि जपानी स्वयंपाकात भाजीच्या रश्शालाही बहुतेकदा माशाचा अर्क असतो. पुऱ्या पाच दिवस टिकल्या, दशम्या तीन.

विमानतळावर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाते. जकातीचा व आगमनाचा अर्ज आधीच ऑनलाइन भरून क्यूआर कोड जवळ ठेवला, तर रांगेतला वेळ वाचतो. रेल्वेसाठी विमानतळावरच ‘वेलकम सुइका’ कार्ड घेतले आणि रोज चुओ मार्गाच्या नारिंगी पट्ट्याच्या गाडीने शाळेत जात राहिले. येनचा भाव तेव्हा उतरलेला होता, १०० येनला सुमारे ५३ रुपये पडत होते.

सोमवारी सकाळी पावणेआठला मी शाळेच्या दाराशी होते. मुले गटागटाने चालत आली. पुढे एक मोठा मुलगा, मागे एक मोठी मुलगी आणि मध्ये पिवळ्या टोप्या घातलेली पहिलीची चिमुरडी. शिक्षक-खोलीत सर्वांची मेजे एकाच दालनात समोरासमोर लावलेली होती. मी पाठ केलेली तीन जपानी वाक्ये म्हटली, सर्वांनी वाकून नमस्कार केला, आणि मला गळ्यात घालायला नावाची पट्टी मिळाली. पट्टीवर पासपोर्टप्रमाणे तीनही पदरांचे नाव जपानी लिपीत होते. मुलांनी त्यातला सोपा शब्द उचलला आणि पाचही दिवस मला आमच्या यजमानांच्या नावापुढे ‘सेन्सेई’ लावून हाक मारली. घरी फोनवर हे सांगितले, तेव्हा पलीकडे बराच वेळ हसणे चालू होते.

भाषेचा प्रश्न मोठा होता. सेन्सेईंना इंग्रजी येत असे, पण शिकवत असताना त्या माझ्यासाठी भाषांतर कसे करणार? टोकियोच्या निशी-कासाई भागात राहणाऱ्या एका मराठी ताईंनी मंगळवार आणि बुधवार असे दोन दिवस दुभाषी म्हणून येण्याचे कबूल केले होते. उरलेले तीन दिवस मी नुसती पाहत होते. वर्गातले बोलणे कळत नसले की मुलांचे हात, फळा आणि वह्या जास्त दिसतात. छायाचित्रांना मनाई असल्यामुळे मी फळ्यांची चित्रे वहीत काढली आणि त्यात इतकी गुंतले की मनाई नसती तर माझेच नुकसान झाले असते.

मुले वर्ग कशी झाडतात, हे पाहायला जाते आहेस का, असे मला निघताना अनेकांनी विचारले होते. ते दिसले. दुपारी वीस मिनिटे संगीत लागते आणि मुले फडकी घेऊन लाद्या पुसतात. काही मुले मनापासून पुसतात, काही फडक्यावर बसून घसरगुंडी खेळतात. शाळेत देखभालीला एक मामाही आहेत, हे चित्रफितींत कोणी दाखवत नाही. जेवणाची वेळ मला अधिक आवडली. पांढरे डगले आणि टोप्या घातलेली मुले मोठी पातेली वर्गात आणतात, वाढतात, आणि शिक्षक त्याच ताटातले मुलांसोबत जेवतात. शालेय भोजनाचा कायदा तिथे १९५४ मध्ये झाला. मी मात्र डब्यातली पुरी खात होते, आणि शेजारच्या चौथीतल्या मुलाने तिचा वास घेऊन ‘करे?’ असे विचारले. जिऱ्या-ओव्याचे सगळेच त्यांच्या लेखी ‘करी’ असते.

प्रत्येक खुर्चीच्या पाठीला जाड कापडाची एक घडी अडकवलेली होती. मला ती गादी वाटली. मंगळवारी भूकंपाचा सराव झाला, तेव्हा ती उलगडून सर्वांनी डोक्यावर ओढली आणि मेजाखाली शिरले. ढकलायचे नाही, धावायचे नाही, बोलायचे नाही, परत फिरायचे नाही, या चार नियमांच्या आद्याक्षरांचा एक शब्द त्यांना पाठ असतो. मी एकटी मधोमध उभी राहिले. दुसरीतल्या एका मुलीने माझी ओढणी ओढून मला खाली बसवले.

ज्यासाठी गेले होते तो दिवस बुधवार, १२ जून. जेवणानंतर पाचवीचा एक वर्ग सोडून बाकी सर्व वर्ग घरी पाठवले, म्हणजे सगळ्या शिक्षकांना तो एक पाठ पाहता यावा. पंचवीसेक शिक्षक भिंतीला टेकून उभे राहिले, प्रत्येकाच्या हातात वर्गाचा बैठक-तक्ता आणि पेन. पाठ घेणारे तरुण शिक्षक घामाघूम झालेले मला मागूनही दिसत होते. फळ्यावर एकच प्रश्न आला: एक मीटर रिबिनीची किंमत ८० येन, तर २.३ मीटर रिबिनीची किती?

मी मनात म्हटले, दशांश चिन्ह काढा, गुणा, परत द्या, दोन मिनिटांचे काम. त्यांनी आधी विचारले, उत्तर साधारण कुठे असेल? दोन मीटरचे १६० आणि तीन मीटरचे २४०, म्हणजे मध्ये कुठेतरी, असे मुले म्हणाली. मग आठ मिनिटे सगळे वहीत करत राहिले. शिक्षक रांगांमधून फिरले, कोणालाही ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणाले नाहीत, फक्त हातातल्या कागदावर खुणा करत राहिले. त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा बोलावले ते चुकलेल्या मुलाला. त्याचे उत्तर १८.४ होते. “पण दोन मीटरचेच १६० होतात,” असे कोणीतरी म्हणाले. तो मुलगा फळ्याकडे पाहत राहिला आणि स्वतःच म्हणाला, “मग हे होणार नाही.” मग एका मुलीने ०.१ मीटरचे ८ येन काढले आणि २३ ने गुणले. दुसऱ्याने २३ मीटरचे १,८४० काढून दहाने भागले. तिसऱ्याने १६० मध्ये ०.३ मीटरचे २४ मिळवले. तिन्ही रीती १८४ वर आल्या, आणि चुकीच्या १८.४ सह सगळे फळ्यावर शेवटपर्यंत राहिले. पंचेचाळीस मिनिटांत डस्टर एकदाही उचलले गेले नाही.

नंतरची चर्चा दीड तास चालली. मला वाटले होते की पाठ छान झाला, असे म्हणून चहा होईल. चर्चा एकाच मुद्द्यावर रेंगाळली: लांबी आणि किंमत दाखवणारी दुहेरी संख्यारेषा शिक्षकांनी काढून द्यायला हवी होती की मुलांकडून येऊ द्यायला हवी होती? कोणीही शिक्षकाच्या आवाजाबद्दल, अक्षराबद्दल किंवा वर्गाच्या शिस्तीबद्दल बोलले नाही. “तिसऱ्या रांगेतल्या मुलीने आधी २.३ ची दुप्पट केली आणि मग खोडले, ते का?” असे एका ज्येष्ठ बाईंनी विचारले आणि पाच मिनिटे त्या खोडलेल्या ओळीवर गेली.

मला त्या पाठाचे नियोजन दाखवले गेले. सात पाने होती. त्यात एक पूर्ण रकाना मुले काय उत्तरे देतील याचा, चुकीच्या उत्तरांसह; १८.४ तिथे आधीच लिहिलेले होते. मला माझे पाठ टाचण आठवले. डी.एड.पासून आजवर मी हजारो टाचणे लिहिली आहेत, आणि त्यांच्या ‘विद्यार्थी कृती’ या रकान्यात मी कायम एकच वाक्य लिहीत आले: ‘विद्यार्थी योग्य उत्तर देतील.’ ताईंनी ते सेन्सेईंना जपानीत सांगितले. सेन्सेई हसल्या नाहीत, उलट त्यांनी वहीत टिपून घेतले, त्यामुळे मलाच जास्त लाज वाटली.

त्यांचे सगळे आपण घ्यावे, असे मात्र मला वाटले नाही. त्या संध्याकाळी सात वाजता मी निघाले, तेव्हा शिक्षक-खोलीत निम्म्याहून अधिक दिवे चालू होते. जपानमधील प्राथमिक शिक्षक आठवड्याला सरासरी ५४.४ तास काम करत होते, असे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत नोंदले आहे, आणि पाठ घेणाऱ्या त्या तरुणाच्या डोळ्यांखालची वर्तुळे पाहता ते मला खरे वाटले. शिवाय पाढे. तिथे दुसरीत नऊपर्यंतचेच पाढे शिकवतात. शुक्रवारी निरोपाच्या वेळी मी सतराचा पाढा म्हणून दाखवला, तर मुले बोटांवर पडताळत राहिली आणि सतरा दाहेला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाढे पाठ असणे ही टाकून देण्याची गोष्ट नाही, असे माझे ठाम मत आहे.

खर्चाचा हिशेब असा: विमान ६६,४०० रुपये, आठ रात्रींचे साधे हॉटेल सुमारे २९,०००, तेथील प्रवास व जेवण १५,०००, मुंबईची फेरी व व्हिसा ५,२००, विमा १,४५०, पासपोर्ट १,५०० आणि भेटवस्तू ३,०००. सगळे मिळून एक लाख एकवीस हजारांच्या थोडे वर. दुभाषी ताईंनी एक पैसाही घेतला नाही, बर्फीचा एक डबा घेतला.

आमची शाळा १ जुलैला सुरू झाली. मी शेजारच्या वर्गावरील बाईंना माझ्या तासाला मागे येऊन बसाल का, असे विचारले. त्यांनी आधी विचारले, “कोणी तक्रार केली का हो?” मुख्याध्यापकांनी विचारले की तसा आदेश आला आहे काय. आपल्याकडे वर्गात दुसरे माणूस येऊन बसते ते तपासणीलाच, त्यामुळे त्यांचेही चुकत नव्हते. दहा-बारा दिवस समजावण्यात गेले आणि १५ जुलैला त्या पाचवीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, बैठक-तक्ता घेऊन बसल्या. टाचणात मी पहिल्यांदाच चुकीची उत्तरे लिहिली होती, पाच प्रकारची.

प्रश्न साधा होता: टमाटर ८० रुपये किलो, तर अडीच किलोचे किती? बहुतेकांनी ‘ऐंशी, ऐंशी आणि चाळीस’ करून २०० काढले. कोणी १८० केले, कोणी ८२.५. हे सगळे माझ्या यादीत होते. मग खिडकीजवळच्या मुलीने १९० सांगितले. कसे, असे विचारल्यावर ती म्हणाली, “बाई, दोनशेच होतात, पण दोन किलोच्या वर घेतले की आमच्या बाजारातले काका दहा रुपये कमी करतात.” मागच्या बाकावरच्या बाईंनी ते तक्त्यात लिहून घेतले, आणि मग फळ्यावर १९० लिहावे की नाही, यावर आम्ही दोघी मधल्या सुट्टीभर बोलत राहिलो.